कुत्रा, बिबट आणि मधून गेलेली मालगाडी

शेवटची साधी गोष्ट आम्ही दोघांनी मिळून केली, ती म्हणजे मोबाइलवर कुत्र्याची आणि बिबटाची झुंज पाहिली.

चैत लागला होता. संध्याकाळचे सहा वाजले असतील. पारबता, माझी बायको, दिवाणावर पाय पसरून बसली होती. पायांवर सूज, मांडीवर सूप, सुपात तांदूळ. तिचं हृदय दोन वर्षांपासून अर्धंच काम करून राहिलं होतं, म्हणून तिला कामाला हात लावू द्यायचा नाही असा आमच्या पोराचा, संजूचा, हुकूम होता. पण तांदूळ ती कोणाला निवडू द्यायची नाही. मोबाइल तिनं पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता. त्यात परदेशातला कुठला तरी कुत्रा, वासराएवढा, आणि त्याच्या बाजूला बिबट. खरी झुंज नव्हतीच ती. दोघांचे नुसते फोटो, आणि एक माणूस हिंदीत ओरडून सांगून राहिला होता की याचं वजन इतकं, त्याचा जबडा असा, याचा पंजा तसा. कोण जिंकला ते सांगायच्या आधीच जाहिरात लागली.

"घ्या," पारबता म्हणाली, "ऐन वक्तावर साबण विकाले बसला."

"त्यात पाहाचं काय? बिबटच जिंकते."

"काहून?"

"काहून म्हणजे? कुत्र्याजवळ एक तोंड. बिबटाजवळ तोंड बी अन् चार पंजे बी. पाच हत्यारं झाले."

"अन् छाती? छाती कोणाजवळ आहे?"

"छातीनं पोट फाटाचं थांबते का?"

तिनं तांदळातला खडा काढला आणि माझ्याकडे फेकला. "तुम्ही तं बिबटाचे वकील! आपला ढाण्या जिंकला असता. गळ्यात पट्टा असता तं जिंकला असता." मग सुपाकडे पाहत, हळूच, "माह्याच हातानं गेला तो."

"नसता जिंकला," मी म्हटलं. "पट्टा असता तरी नसता."

हे बोलणं आमच्यात बेचाळीस वर्षांत किती वेळा झालं असेल, सांगता येत नाही. त्या दिवशीही तेवढंच झालं. मग ती दोन घास भात जेवली आणि झोपली. पुढचं मी शेवटी सांगीन. एकदम सांगवत नाही.

आता पुन्हा चैत आला आहे. रायपूरच्या आमच्या गुढियारी बाजारात ऋतू झाडावर दिसत नाही, पोत्यात दिसतो. थंडीत चिंचेची पोती येतात, चैतात मोहाच्या फुलांची. ट्रक उलटा होत होत गल्लीत शिरतो, हमाल शिव्या देत पोती पाठीवर घेतात, आणि तो वास सुटतो. गोड, आंबूस, डोकं जड करणारा. गोदामातून निघतो, नाली ओलांडतो आणि आमच्या दाराच्या लोखंडी जाळीतून आत येतो. वासाला जाळी अडवत नाही. मला अडवते. तिला बाहेरून कुलूप असतं.

संजू सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात जातो. सून कुंती इथलीच, छत्तीसगढी, शाळेत मुलांचं जेवण शिजवते. पारबता गेल्यावर मी दोन वेळा घरून निघालो आणि रुळाच्या कडेकडेनं चालत सुटलो. एकदा पुढच्या स्टेशनापर्यंत, उरकुऱ्यापर्यंत, गेलो. पायात चप्पल नव्हती म्हणे. तेव्हापासून हे कुलूप. नऊ वाजता लागतं, चार वाजता निघतं. डब्यात जेवण, मडक्यात पाणी, डोक्यावर पंखा. "बाबा, तुमच्या भल्यासाठीच आहे," संजू म्हणतो, आणि खोटं म्हणत नाही. मी भांडलो नाही. बांधून ठेवणाऱ्याचं बोलणं मला ओळखीचं आहे. मी स्वतः बांधणारा होतो.

दिवसभर मी खुर्ची जाळीला लावून बसतो. समोर एका ठेकेदाराचं नवं दोन मजली घर आहे. त्याच्या फाटकाजवळ पिंजरा, पिंजऱ्यात काळा विलायती कुत्रा, रॉकी. मान माझ्या मांडीएवढी, डोकं मडक्याएवढं. त्याच्या पिंजऱ्यात कूलर आहे. तो जाळीतून मला पाहतो, मी जाळीतून त्याला पाहतो. दुपारी दोघांनाही झोप लागते.

एक दिवस ठेकेदार गाडी पुसता पुसता म्हणाला, "बाबूजी, देख रहे हो? साठ किलो का है. तेंदुआ आ जाए न, बीच से चीर देगा."

मी म्हटलं, "भैया, पहले इसको सीढ़ी चढ़ने दो बिना हाँफे."

तो हसला. वाईट मानून घेतलं नाही. मग विचारलं, "आपने तेंदुआ देखा है क्या कभी?"

"हव," मी म्हटलं. "मालगाड़ी के नीचे से देखा है."

त्याला काही समजलं नाही. कसं समजेल? मी कोणाला नीट सांगितलंच नाही कधी. मी चौथी शिकलेला माणूस. नोकरीत लिहिलं ते एवढंच की गाडी अमुक वाजता गेली, फाटक बंद केलं, फाटक उघडलं. आता रिकामा वेळ आहे आणि कुंतीनं शाळेतून आणलेली एक कोरी वही आहे, म्हणून लिहून राहिलो.

मी रेल्वेत गेटमॅन होतो. बालोदच्या पुढं, जंगलात, दल्लीहून लोखंडाची माती आणणाऱ्या लाइनवर आमचं फाटक होतं. रुळाच्या या बाजूला माझी गुमटी, म्हणजे फाटकवाल्याची खोली, आणि त्या बाजूला आमचं क्वार्टर. क्वार्टरच्या मागं, जरा बाजूला, गुमटीतून दिसेल असं मोहाचं मोठं झाड, त्याच्या खाली उतार, उताराला नाला. माणूस म्हणून मी आणि पारबता. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, संजू अजून झाला नव्हता. ती तुमसरकडची, भरल्या घरातली. पहिल्या महिन्यात मालगाडीच्या गार्डालाही हात हलवून दाखवायची. म्हणायची, कोणीतरी दिसते तं.

चैतात तिथं मोह गळायचा. रात्रभर गळून पहाटे झाडाखाली पिवळसर सडा. फूल पडताना आवाज होतो, अगदी बारीक, कोणी ओल्या बोटानं टिचकी मारल्यासारखा. पारबता उजाडल्यावर टोपली घेऊन वेचायची. माझं सगळं आयुष्य रेल्वेच्या आवाजात गेलं, पण चैत म्हटलं की मला ती टिचकी ऐकू येते. आणि पाणी आटायचं. वरचे डबरे सुकले की जंगलातलं सगळं जनावर त्या एका नाल्यावर यायचं. हरीण यायचं, डुकरं यायची. त्यांच्या मागं बिबट यायचं. त्या वर्षी फागुनातच त्यानं जवळच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, तीन कुत्री नेली होती. बिबटाला कुत्रा फार आवडतो. बकरी ओरडते, गोठ्यात असते. कुत्रा आपला आपण भुंकत सामोरा येतो.

ढाण्या आमच्याकडे कसा आला ते सांगतो. दरवर्षी थंडी सरता सरता उंटवाले यायचे. कच्छकडचे मेंढपाळ, शेकडो मेंढरं, मागं उंटांवर खाटा, पोरं, कोंबड्या. त्यांचा कळप फाटक ओलांडायला अर्धा तास लागायचा आणि मी घड्याळाकडे पाहत ओरडत राहायचो. एका वर्षी उंटाच्या पायाखाली एका पिल्लाचा पाय आला. त्यांच्यातला म्हातारा पिल्लू घेऊन क्वार्टरवर आला आणि पारबताला म्हणाला, "बेटी, ये अब चल नहीं पाएगा. तू रख ले." तिनं बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. पाय सुधारला आणि कुत्रा असा वाढला की वर्षभरात त्याचं डोकं तिच्या कमरेला लागायला लागलं. ढाण्या वाघावरून मी त्याचं नाव ढाण्या ठेवलं. मोठी हौस होती मला.

पुढच्या वर्षी तोच म्हातारा आला. ढाण्यानं त्याला ओळखलं नाही, त्यानं ढाण्याला ओळखलं. त्याला सगळीकडून दाबून पाहिलं, दात पाहिले, आणि उंटावरच्या गाठोड्यातून एक पट्टा काढला. जाड कातड्याचा, चार बोटं रुंद, आणि बाहेरच्या बाजूनं बोटभर लांब खिळे. म्हणाला, "तेंदुआ गला पकड़ता है. गला बच गया तो बाकी ये खुद बचा लेगा." मग माझ्याकडे वळून बोटानं समजावल्यासारखं, "पट्टा कभी उतारना नहीं. और दिन डूबे तो बाँधना नहीं. खुला रहेगा तो हटेगा, घूमेगा, टाइम निकालेगा. तेंदुए के पास टाइम नहीं होता."

त्या म्हाताऱ्याइतकं शहाणपणाचं या विषयावर मी पुन्हा ऐकलं नाही, मोबाइलवरही नाही. मोबाइलवाले वजन सांगतात. वजनाचं काय आहे? आमच्या भागातलं बिबट ढाण्यापेक्षा फार जड नव्हतं. फरक दुसरीकडे असतो. कुत्रा चावतो आणि धरून झटकतो, त्यासाठी त्याला पाय रोवावे लागतात. मांजराच्या जातीला पाय रोवायची गरज नाही. ते पाठीवर पडूनही लढतं. पुढच्या पंज्यांनी मिठी मारतं, दातानं गळा धरतं आणि मागच्या पायांनी पोट खरवडत राहतं. खाली पडला तो हरला, हे कुत्र्यांचं. बिबटाचं तसं नाही. पण बिबटाचा दम छोटा. पहिल्या झटक्यात नाही जमलं तर ते निघून जातं, कारण पाय मोडला तर त्याला दुसरं कोणी खाऊ घालणारं नाही. कुत्र्याला आहे. कुत्र्याला माहीत असतं की मागं घर आहे आणि घरात माणूस आहे. म्हणून तो निघून जात नाही. वाघाची गोष्ट वेगळी, तिथं बरोबरीच नाही, कोणताही कुत्रा आणा. पण मोकळा, खिळ्यांचा पट्टा घातलेला, छातीचा कुत्रा एका बिबटाला थोपवू शकतो. जिंकणार नाही. थोपवील. म्हाताऱ्याचे कुत्रे तेच करायचे, आणि तेवढ्यात माणसं काठ्या घेऊन यायची.

हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

रुळांची दुरुस्ती करणारी गँग दुपारी माझ्या गुमटीच्या सावलीत जेवायला बसायची. त्यांचा म्होरक्या, मेट म्हणायचे त्याला, जिभेचा तिखट माणूस. मी ढाण्याचं कौतुक सांगत असलो की तो कांदा फोडता फोडता ऐकायचा. त्या दिवशी म्हणाला, "अरे जा! कील वाला पट्टा पहनाके तो मेरी सास भी तेंदुए से लड़ लेगी."

सगळे हसले. मीही हसलो.

"और तेरा कुत्ता लड़ेगा नहीं," तो पुढं म्हणाला, "तेंदुए की बास आई कि सीधा तेरी घरवाली की खाट के नीचे."

"नहीं जाएगा," मी म्हटलं.

"खुला है तो जाएगा. लिख के रख."

एवढंच. पैज नव्हती लागली, शिवीगाळ नव्हती झाली. ते डबे धुऊन निघून गेले. मी बसलो. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होतो. मनात एकच घोळत राहिलं: पट्टा नसताना, पळायला जागा नसताना, माझा कुत्रा काय करतो ते पाहू.

त्या दुपारी पारबतानं ढाण्याला आंघोळ घातली होती. गोचिड्या फार झाल्या होत्या. नाल्याकडच्या धुण्याच्या दगडावर त्याला उभा करून, कडुनिंबाच्या पाण्यानं चोळून, पट्टा पुसून पुन्हा घातला आणि बकल ओढून लावलं. मी पाहिलं होतं. पक्कं लावलं होतं. मग ती आत जाऊन जरा आडवी झाली.

मी उठलो, रूळ ओलांडला आणि पट्टा काढला. ढाण्यानं मान पुढं केली, त्याला वाटलं खाजवून देतो. मग क्वार्टरच्या मागून साखळी आणली, मोहाच्या बुंध्याला वळसा दिला आणि दुसरं टोक त्याच्या गळ्याभोवती घेऊन आकड्यानं बांधलं. म्हाताऱ्यानं सांगितलेल्या दोन्ही गोष्टी मी उलट्या केल्या. पट्टा गुमटीत आणून कंदिलाच्या मागं ठेवला.

साडेपाचला स्टेशनातून फोन आला. मालगाडी सुटली. मी फाटक बंद केलं, स्टेशनाचा खुणेचा नंबर लिहून घेतला, माझा दिला. एकदा नंबर दिला की गेटमॅनला फाटक सोडता येत नाही, गाडी जाईपर्यंत तो त्या जागेला खिळलेला. ऊन उतरलं होतं. इंजिनाचा आवाज आला आणि त्याच वेळी ढाण्या भुंकला. एकदाच भुंकला, मग नुसता गुरगुरला. इतका खोल आवाज मी त्याचा ऐकला नव्हता. मी रूळ ओलांडायला एक पाय टाकला. इंजिनानं शिट्टी दिली. मी पाय मागं घेतला.

मग गाडी मध्ये आली.

मातीनं भरलेले डबे हळू जातात. एरवी मी डबे मोजायचो, सवय होती. त्या दिवशी मोजले नाहीत. खाली वाकून पाहिलं. चाकं जात होती आणि चाकांच्या मधून पलीकडचं तुकड्यातुकड्यानं दिसत होतं. धूळ. मग चाक. पिवळं काहीतरी, ठिपक्यांचं, जमिनीला चिकटलेलं. चाक. साखळी ताणलेली, सरळ. चाक. ढाण्या उभा होता. पळाला नव्हता. पळायला नव्हतंच, पण तो मागं ओढतही नव्हता, पुढं ओढत होता. चाक. चाक. दोघं एक झालेले. मग लुगड्याचा हिरवा काठ आणि जळतं लाकूड. पारबता! मी ओरडलो. त्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही.

शेवटी गार्डाचा डबा आला. गार्ड दारात उभा राहून हिरवी झेंडी दाखवत होता, कारण गाडी बरी आहे हे गेटमॅननं पाहायचं आणि त्याला झेंडीनं सांगायचं, असा नियम. माझा हात वर गेला. मी हिरवी झेंडी दाखवली. सगळं ठीक आहे, असा त्या झेंडीचा अर्थ. गार्डानं मान हलवली आणि गाडी गेली.

पलीकडे बिबट नव्हतं. पारबता झाडाखाली बसली होती, मांडीवर ढाण्याचं डोकं. चुलीतून आणलेलं जळकं लाकूड बाजूला धुमसत होतं, वाळल्या पानांना धग लागून राहिली होती. तिचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडला होता. ती साखळीचा आकडा सोडवायला पाहत होती तेव्हा बिबटानं पंजा मारला. लाकूड अंगावर टाकलं तेव्हा ते हटलं. ढाण्याच्या गळ्याकडे मी एकदा पाहिलं. बाकी अंगावर फार काही नव्हतं. म्हातारा म्हणाला होता तसंच, बाकी त्यानं वाचवलं होतं.

"पट्टा कुठं गेला?" तिनं विचारलं. रडून नाही राहिली होती. फक्त विचारत होती. "मी लावला होता न? अवो, मी लावला होता न?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

आणि आता जे लिहितो, त्यासाठी ही वही. संध्याकाळच्या पॅसेंजरनं मी तिला सरकारी दवाखान्यात नेण्याआधी, झेंड्या ठेवायच्या निमित्तानं गुमटीत गेलो. कंदिलामागून पट्टा घेतला. येताना धुण्याच्या दगडाजवळ टाकला, ओल्या जागेत. दोन दिवसांनी हाताला टाके घेऊन ती परत आली, तेव्हा तो तिलाच सापडला. किती वेळ ती तिथं बसली. मग आली आणि म्हणाली, "मीच बकल नीट लावलं नसन. ओलं होतं, निसटलं."

आणि साखळीबद्दल तिनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, बिबटाच्या मागं जंगलात जाऊ नये म्हणून बांधला, पट्टा नाही हे ध्यानात आलं नाही. त्याच्या भल्यासाठी. तिनं मान्य केलं. नवऱ्यानं भल्यासाठी बांधला आणि आपण मात्र पट्टा ढिला ठेवला, असं तिच्या मनात बसलं ते बसलंच.

पुढं बदल्या झाल्या, संजू झाला, भिलाईत राहिलो, रायपुरात आलो, नोकरी संपली. पण जिथं गेलो तिथं कोणी ना कोणी तिच्या हातावरची खूण पाहून विचारायचं आणि ती सांगायची. बिबटाला हाकलल्याची बढाई तिनं एकदाही मारली नाही. पट्ट्याची चूक मात्र दर वेळी सांगायची. आणि मी बाजूला बसून म्हणायचो, पट्टा असता तरी बिबटच जिंकलं असतं. लोकांना वाटायचं, माणूस अडेल आहे. मला तिचं ओझं हलकं करायचं होतं, पण माझं न उचलता. म्हणून मी बेचाळीस वर्षं बिबटाचा वकील राहिलो. मला माहीत होतं की कुत्रा थोपवू शकला असता. रोज माहीत होतं.

सांगितलं काहून नाही? पहिलं वर्ष भीतीनं. मग संजू पोटात होता म्हणून. मग वाटलं, आता कायले उकरायचं. मग इतकी वर्षं झाली की चूक लहान आणि लपवणं मोठं झालं. असा माणूस स्वतःभोवती एकेक गज लावतो, आणि बाहेरून लोकांना वाटतं की घर बांधून राहिला. तिचं हृदय बिघडलं तेव्हा तर सुटलोच असं वाटलं. डॉक्टरच म्हणाला होता, हिला धक्का देऊ नका. मला केवढं बरं वाटलं होतं ते ऐकून. लाज वाटते लिहिताना, पण वाटलं होतं.

तर त्या संध्याकाळी तिनं खडा फेकला, मी हसलो, ती दोन घास जेवली आणि झोपली. सकाळी मी चहा झाला म्हणून हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

आठ वाजेपर्यंत पाऱ्यातल्या बाया जमल्या. आमच्या रिवाजाप्रमाणे आंघोळ घालायला त्यांनी तिला मागच्या मोरीजवळ घेतलं आणि आम्हा पुरुषांना बाहेर बसवलं. बाहेर खुर्च्या आल्या, संजू फोन करून राहिला होता. मी भिंतीला टेकून बसलो होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं. एका बाईनं विचारलं, "ये हाथ में क्या हुआ था दीदी को?" आणि कुंती रडत रडत सांगायला लागली. सासूच्या तोंडून जशी ऐकली होती तशीच गोष्ट, तेच शब्द. नहलाया था, पट्टा गीला था, अम्मा से बकल ढीला रह गया. "अम्मा कहती थीं, मेरे ही हाथ से गया बेचारा."

मी उठलो. संजू म्हणाला, "बाबा, तिकडं नका जाऊ, बाया आहेत." मी गेलो. पडदा बाजूला केला.

"थांब," मी कुंतीला म्हटलं. "तिच्या हातून नाही निसटला. तिनं पक्का लावला होता. मी काढला."

बायांनी घाईनं तिच्यावर लुगडं ओढलं. मग त्यांच्यातली एक म्हातारी हळू आवाजात म्हणाली, "सदमा लग गे हे. पानी देव."

संजूनं माझा दंड धरला. "बाबा, चला. बाहेर बसा थोडं."

"पट्टा मैंने निकाला था," मी आता हिंदीत म्हटलं, म्हणजे सगळ्यांना कळावं. "और बाँधा भी मैंने था. तमाशा देखना था मेरे को. इसकी कोई गलती नहीं थी."

"हव बाबूजी, हव," कुंती म्हणाली. तापातल्या पोराला म्हणावं तशी. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल इतकी दया होती की मला कळलं, हे आता कोणीच ऐकणार नाही. मला सगळे माफ करतील, आणि काय केलं ते कोणी विचारणार नाही.

मी संजूचा हात सोडवला. मोरीच्या काठावर बसलो. गुडघे वाकत नाहीत, तरी बसलो. पारबताचे केस ओले होते, डोळे मिटलेले. मी तिच्या कानाशी वाकून आपल्या बोलीत, जसं झालं तसं, पहिल्यापासून सांगितलं. मेट काय म्हणाला ते, कंदील, धुण्याचा दगड, सगळं. वेळ लागला. मागं कोणीतरी म्हणालं, उशीर होऊन राहिला. कोणीतरी त्याला गप्प केलं.

मग कुंतीच्या हातातून मी तांब्या घेतला. आमच्यात हे काम बाया करतात. त्या बाजूला सरकल्या. मी तो डावा हात माझ्या मांडीवर घेतला आणि कोपरापासून बोटांपर्यंत धुतला.